लिओनार्दोचा डावा हात

आरसा माझ्या हातून फुटला, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर तुम्ही म्हणाल, लेखक लपवत होता. लपवालपवीचा माझा जो काही वाटा होता तो मी या प्रकरणात पुरता वापरून बसलो आहे.

हातून म्हणजे खरं तर पाठीतून. आरसा पुरुषभर उंच, लाकडी चौकटीचा, एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणलेला. आमच्या गावच्या विज्ञान संग्रहालयानं लिओनार्दो दा विंचीवर पाऊण तासाचा माहितीपट करायला घेतला होता आणि त्याचं निवेदन मी लिहीत होतो. चित्रीकरण चालू असताना लेखकाला कवडीचं काम नसतं. आणि काम नसलेला माणूस मदत करतो. मी मदत करायला मागं सरलो, पायात वायर आली, आणि मी माझ्या सगळ्या वजनानिशी आरशावर जाऊन टेकलो.

आवाज बराच वेळ चालला. तो संपल्यावर दिग्दर्शक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "लेखका, तू बस." आमची वीस वर्षांची दोस्ती, तो मऊ आवाजात बोलला की मला घाम फुटतो.

खोलीतला एकच माणूस जागचा उठला. टेबलाशी मखमली बाहीत हात घालून बसलेला पन्नाशी उलटलेला गृहस्थ. बाही फक्त डाव्या हाताला होती, बाकी अंगात त्यांचा रोजचा रंगाचे डाग पडलेला शर्ट. ते माझ्यापाशी आले, खाली वाकून माझे पाय बघितले आणि म्हणाले, "हलू नका. बुटाच्या तळव्यात गेली असेल तर चालताना कळेल." मग मखमली बाही वर सरकवून त्यांनी एकेक काच अशी उचलली, जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण उचलावं. एवढी काच फुटली, पण त्यांच्या बोटाला साधा ओरखडा नाही. मला मात्र न हात लावता दोन जागी लागलं.

हे पेंटर. आमच्या माहितीपटातला लिओनार्दोचा हात.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. एके काळी गावातली निम्मी दुकानं त्यांच्या घराण्याच्या अक्षरात बोलत होती. मग छापील फ्लेक्स आले, आणि पाट्या रंगवणं संपलं. उरली ती काचेची दारं. वकील, दातांचे डॉक्टर, चष्म्याचं दुकान, यांना अजून काचेवर हातानं लिहिलेलं नाव लागतं. आणि काचेवरचं अक्षर बाहेरून लिहीत नाहीत, कारण रोज पुसणारा फडका चार महिन्यांत ते खाऊन टाकतो. ते आतून लिहायचं. आतून लिहायचं आणि बाहेरच्याला वाचता यायला हवं, म्हणजे उलटं लिहायचं, आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे.

लिओनार्दो आपल्या वह्या असाच लिहायचा. डाव्या हातानं, उलट्या अक्षरांत. आम्हांला पडद्यावर तसं लिहिणारा हात हवा होता आणि महिनाभर तो मिळत नव्हता. नाटकातले तीन नट येऊन गेले. एकाला डाव्या हातानं लिहिता यायचं पण सुलटं, दुसऱ्याला उलटं लिहिता यायचं पण उजव्यानं, आणि तिसऱ्याला दोन्ही येत नव्हतं पण चेहरा चांगला होता. वेलांटी पहिली की दुसरी हेच ज्यांना आयुष्यभर नक्की सांगता आलं नाही, त्यांना ती आरशातून काढायला सांगणं म्हणजे छळच.

पेंटर मला दातांच्या डॉक्टरकडे सापडले. मी गाल सुजवून बसलो होतो आणि हे समोर काचेच्या दाराशी स्टुलावर बसून आतल्या बाजूनं डॉक्टरच्या पदव्या लिहीत होते. डाव्या हातानं. उजवीकडून. उलट्या. दाढ ठणकत असताना आनंदानं उभा राहिलेला मी त्या दवाखान्यातला पहिलाच रुग्ण असेन.

"पेंटर, तुम्ही डावरे आहात?" मी विचारलं.

"नाही," ते ब्रश न उचलता म्हणाले, "उजवा घरी विसरून आलो."

मी माहितीपटाचं सांगितलं. त्यांनी तीन अक्षरं पुरी केली आणि मग विचारलं, "तोंड दाखवावं लागेल?"

"नाही. फक्त हात."

"मग येतो. तोंडाचं मला स्वतःलाच फारसं काही वाटत नाही."

चित्रीकरणात त्यांचं नावच 'हात' पडलं. हात आले का, हातांना इकडं बसवा, हातांना चहा द्या. पहिल्याच दिवशी ते कॅमेरामनला म्हणाले, "हात चहा घेत नाहीत. मी घेतो. साखर कमी."

तयारी म्हणून आम्ही संग्रहालयाच्या वाचनालयात लिओनार्दोवरचे आठ-नऊ चित्रपट आणि माहितीपट पाहिले. कुणी कुठं केलेले, कुठले कुठले. पण सगळ्यांत लिओनार्दो तोच. दाढी, मेणबत्ती, खिडकीतून दिसणारे पक्षी, आणि पक्ष्यांकडे बघून सुचल्यासारखा चेहरा. दर वीस मिनिटांनी त्याला काहीतरी सुचतं आणि वारा सुटतो. आम्ही ते भारावून बघत होतो. पेंटर फक्त हात बघत होते.

"याचा हात खोटा," एका ठिकाणी ते म्हणाले.

"कशावरून?"

"तोंड बघा, तीन दिवस जेवलेलं नाही. आणि नखं बघा, सलूनमधून आत्ता येतायत."

एका पटात तर लिओनार्दो चक्क उजव्या हातानं लिहीत होता. आम्ही सगळे खो खो हसलो. दिग्दर्शकाला ठसका लागला. मी तर खिशातली वही काढून ते टिपून घेतलं, पुढं-मागं लेखात वापरायला. पेंटर हसले नाहीत. ते म्हणाले, "यांच्या शूटिंगला एखादा तरी डावरा असणार. त्याला दिसलं असणार. बोलला नसेल."

आणि मग, बाकीचे बिस्किटांकडे वळल्यावर, त्यांनी मला हळूच विचारलं, "हा खरंच डावरा होता? पुस्तकात आहे तसं?"

"आहे."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि याला कुणी काही म्हणालं नाही?"

मला लिओनार्दोची उडती यंत्रं माहीत होती, पुलांचे आराखडे माहीत होते, त्यानं अर्धवट सोडलेल्या चित्रांची यादी पाठ होती. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं.

त्यांनी तो का विचारला ते चार दिवसांनी कळलं. दुपारची सुट्टी होती, बाकीचे बाहेर गेले होते. पेंटरनी डावा हात टेबलावर पसरला आणि म्हणाले, "करंगळी दिसते ना?" दिसत होतीच. शेवटच्या पेरापासून ती बाहेर वळली होती, रुसून बसल्यासारखी. दिग्दर्शक त्या करंगळीवर फिदा होता. 'या बोटाला व्यक्तिमत्त्व आहे' असं तो दोनदा म्हणाला होता.

"अप्पांनी मोडली," पेंटर म्हणाले.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. गावातले सगळ्यांत मोठे पाट्या रंगवणारे. पोरगा डावरा निघाला याचा त्यांना मनापासून संताप. डावऱ्याचा हात ओल्या अक्षरावरून फिरतो, रंग फासला जातो, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बघतं, आणि गिऱ्हाइकाला डावा हात बघवत नाही, असं त्यांचं ठाम मत. पाट्या रंगवताना हात टेकवायला लांब काठी वापरतात. नऊ वर्षांच्या पोरानं एका किराणा दुकानाच्या नव्या पाटीवर डाव्या हातानं रंग फासला तेव्हा ती काठी हात टेकवायच्या कामी आली नाही.

"मग भिंतीवर उजव्यानं लिहायला लागलो," पेंटर म्हणाले. "वाईट अक्षर. पेंटरच्या घरात ढ जन्मला असं लोक म्हणायचे. काचेचं काम शिकलो ते त्यामुळंच. उलटं लिहायचं तर डावाच बरा पडतो, हात ओल्यावर येतच नाही. पण अप्पा कधी काच बघायला आले नाहीत. एकदाही नाही. अजून मला डावऱ्या म्हणूनच हाक मारतात. शहाऐंशी वर्षांचे आहेत."

निवेदन लिहिणाऱ्याला अशा वेळी हमखास एखादं वाक्य सुचतं. सुदैवानं सुचलं नाही.

"त्यांना घेऊन येईन म्हणतो खेळाला," पेंटर म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही फारसं, पण दूरचं अजून चांगलं दिसतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या मोठ्या माणसाचा म्हणून हाच हात बघतील. बस. बाकी काही नको." मग हात उचलून बाहीत घालता घालता म्हणाले, "करंगळीचं कुठं बोलू नका. अप्पांना आठवत नसेल तर कशाला. आणि आठवत असेल तर मुळीच नको."

मी शब्द दिला. मी लेखक आहे, शब्द देणं मला जड जात नाही.

त्याच संध्याकाळी आरसा फुटला. कॅमेऱ्यासमोर हात उलटं वाक्य लिहिणार, मग शेजारी आरसा येणार आणि त्यात ते सुलटं वाचता येणार, असा तो प्रसंग होता. वाक्य होतं, 'वाहतं पाणी वळताना वेणीसारखं दिसतं.' लिओनार्दोनं पाण्याची चित्रं काढली होती, त्यांवरून मीच ते रचलं होतं. पडद्यावर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. पेंटरनी ते सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा असं, की बघत राहावं. पण आरसा नव्हता, आणि खोली दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी करून द्यायची होती.

संकलनाच्या वेळी दिग्दर्शक डोकं धरून बसला. न वाचता येणारं वाक्य दाखवून उपयोग काय? मला अपराधी वाटत होतं आणि अपराधी वाटलं की मला कल्पना सुचतात. संकलन करणाऱ्या बाईंना मी म्हणालो, "बाई, आरशाचं काम तुमच्या मशिनला येत नाही का? चित्रच उलटवून टाका ना."

"एका बटणाचं काम," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर हात लिहू लागला आणि काय आश्चर्य, अक्षरं सुलटी. वाहतं पाणी वळताना. दिग्दर्शकानं माझ्या पाठीवर थाप मारली, जिच्यावर अजून आरशाचा ओरखडा होता. "वा, लेखका. फोडलंस तूच आणि सांधलंसही तूच." मी घरी जाऊन बायकोला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बघा हं नीट." तिच्या या तीन शब्दांकडे मी लग्न झाल्यापासून दुर्लक्ष करत आलो आहे.

आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. अक्षर समोर आलं की माणूस वाचतो, हात बघत नाही.

मला ते दिसलं निवेदनाच्या ध्वनिमुद्रणाला. आवाज देणारे गृहस्थ काचेपलीकडे बसून माझंच वाक्य भरदार आवाजात वाचत होते, "तो डाव्या हातानं लिहीत असे, उजवीकडून डावीकडे..." आणि समोरच्या लहान पडद्यावर मखमली बाहीतला एक उजवा हात डावीकडून उजवीकडे, शाळेतल्या हुशार मुलासारखा, सरळ लिहीत चालला होता. वाकडी करंगळीसुद्धा त्याच उजव्या हाताला.

मी खुर्चीतून अर्धवट उठलो. आवाज देणारे थांबले आणि काचेतून बघत म्हणाले, "काही चुकलं का?"

"नाही नाही," मी म्हणालो, "सुंदर."

पहिल्या खेळाला आठ दिवस होते. आठ दिवसांत ते दुरुस्त झालं असतं. बाईंनी तेच बटण परत दाबलं असतं, आवाज पुन्हा बसवावा लागला असता, आरशाविना प्रसंग कसा उभा करायचा याचा खल झाला असता, आणि दिग्दर्शक मऊ आवाजात बोलला असता. एवढंच. या एवढ्याला मी भ्यालो. मी स्वतःला सांगितलं, लोक चेहरा बघतात. मग आठवलं, आमच्या पटात चेहरा नाहीच. मग सांगितलं, लोक निवेदन ऐकतात. मग सांगितलं की पेंटर काही बोलणार नाहीत. हे तिसरं मात्र अगदी खरं होतं आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. एखाद्या माणसाच्या सभ्यपणावर भरवसा ठेवून त्याला फसवावं, इतकी अक्कल माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या आठ दिवसांत पेंटरचे दोन फोन आले. पहिला, अप्पांसाठी पाठ टेकायची खुर्ची मिळेल का, म्हणून. मिळेल म्हणालो. दुसऱ्या फोनला सगळं बोलून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हात दिसतो ना नीट?"

"अगदी नीट," मी म्हणालो.

खेळाच्या दिवशी संग्रहालयाचं सभागृह भरलं होतं. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला ते डागांशिवाय ओळखूच येईनात. बरोबर त्यांची बायको, आणि दोघांच्या मध्ये अप्पा. जुना कोट, गळ्यापर्यंत लावलेलं बटण, हातात काठी. ती चालायची काठी होती, पण मी तिच्याकडे बघणं टाळलं. त्यांना तिसऱ्या रांगेत पाठीच्या खुर्चीवर बसवलं. मी पाचव्या रांगेत खांबाआड बसलो. तिथून पडदा अर्धाच दिसत होता, तेच मला हवं होतं.

विसाव्या मिनिटाला हात आला. भिंतभर हात. मखमली बाही, बोटांच्या पेरांतल्या रेघा, वाकडी करंगळी, आणि लिहिला जाणारा एकेक शब्द. सभागृह खरंच स्तब्ध झालं. निवेदन सांगत होतं, डाव्या हातानं. अप्पांना निवेदन ऐकू येत नव्हतं. ते बघत होते.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. अप्पा कुजबुजले आणि ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "उजवा," ते म्हणाले. "बघ, उजवा हात."

सूनबाई काहीतरी सांगायला त्यांच्या कानाशी लागल्या.

"मी काय सांगत होतो," अप्पा म्हणाले. "येतं याला उजव्यानं. अक्षर बघ कसं आलंय. येत होतं, मुद्दाम करत नव्हता."

लोक हसले. प्रेमानंच हसले, म्हातारा लेकाचं कौतुक करतोय म्हणून. पेंटर हलले नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, ताजी हजामत केलेली. मी त्या मानेकडे बघत राहिलो. पडद्यावर लिओनार्दोचं यंत्र उडालं, कोसळलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातलं काही आठवत नाही.

बाहेर आल्यावर पेंटर स्वतःहून माझ्यापाशी आले. "चांगला झालाय माहितीपट," ते म्हणाले.

"पेंटर, तो आरसा फुटला ना, त्यामुळं जरा चित्र..."

"हं," ते म्हणाले. "अप्पांना पायऱ्या उतरवायच्यात," आणि गेले. त्यांनी मला विचारलं असतं, की तुम्हांला आधी दिसलं होतं का, तर मी काय उत्तर दिलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

तीन आठवडे मी दातांच्या डॉक्टरकडेही गेलो नाही, कारण त्या दारावर त्यांचं अक्षर होतं. गालावर हात ठेवून दिवस काढले. शेवटी दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. तो मऊ बोलला. मग बाईंनी बटण दाबलं, आवाज परत बसवला, आणि दुरुस्त प्रत घेऊन, लॅपटॉप काखोटीला मारून, मी पेंटरच्या घरी गेलो. चूक सुधारायला निघालेल्या माणसाची चाल वेगळीच असते. मी चक्क शीळ घालत होतो.

पेंटरची बायको जिन्यात भेटली, हातात पाण्याची बादली. लॅपटॉप बघून त्यांनी बादली खाली ठेवली.

"भाऊजी, काय आणलंत?"

मी सांगितलं.

"राहू द्या ना आता," त्या म्हणाल्या. "म्हातारा तीन आठवडे खुशीत आहे. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. आपला स्वतःचा ब्रश, कुणाला हात लावू देत नव्हते तो, काढून दिला यांना. म्हणाले, आता लायक झालास."

"आणि पेंटर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? घेतला. कपाटावर ठेवलाय. त्यानं लिहीत नाहीत."

मला तिथंच परत फिरता आलं असतं. जिना अरुंद होता, पण एवढाही नव्हता. मला मात्र वाटलं, हेच तर नीट करायचंय.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत रंगांचे डबे उतरंडीनं रचलेले, टर्पेंटाइनचा वास. अप्पा पलंगावर बसले होते, पेंटर टेबलाशी एका काचेच्या तुकड्यावर नमुना लिहीत होते. मला बघून त्यांनी ब्रश पुसला. मी लॅपटॉप अप्पांच्या समोर स्टुलावर ठेवला, आणि पेंटर काही म्हणायच्या आत तो प्रसंग लावला. हात आला. डावा. उजवीकडून लिहू लागला.

"अप्पा, हा डावा हात आहे," मी ओरडून सांगितलं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावंच लागतं.

अप्पांनी डोळे बारीक केले. "अक्षरं उलटी आहेत."

"हो, तो उलटंच लिहायचा."

"कोण?"

"लिओनार्दो."

"मग परवा सुलटी कशी होती?"

"परवा फिल्म उलटी होती."

अप्पांनी जरा विचार केला. "अक्षरं सुलटी होती तेव्हा फिल्म उलटी होती. आणि आता अक्षरं उलटी आहेत तर फिल्म सुलटी आहे?"

"बरोबर."

अप्पा लेकाकडे वळले. "हे लेखक आहेत म्हणालास ना?"

पेंटरच्या ओठांचा कोपरा हलला. तिथं मी थांबायला हवं होतं. पण मला म्हाताऱ्याला पटवायचंच होतं. साठ वर्षं पाट्या रंगवलेल्या माणसानं मला, माझ्या चुकीला आणि माझ्या दुरुस्तीला, एका वाक्यात निकालात काढलं होतं, आणि माझी बाजू या वेळी खरी होती. माणूस खरा असला की फार बेफाम होतो.

"करंगळी बघा, अप्पा," मी ओरडलो. चित्र थांबवून बोट ठेवलं. "ही वाकडी करंगळी. ही यांच्या डाव्या हाताची आहे की नाही? तुम्हीच काठीनं मोडली होती ना?"

शेजारच्या घरात भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

पेंटरचा डावा हात टेबलावर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला, आणि वर उजवा ठेवला. अप्पा लॅपटॉपकडे बघत नव्हते. ते तो झाकलेला हात बघत होते. थांबवलेल्या चित्रावर माझं बोट तसंच होतं आणि ते कसं मागं घ्यावं हे मला कळेना.

"नऊ वर्षांचा होता," अप्पा म्हणाले.

वय मी सांगितलं नव्हतं. आणि हे ते हळू बोलले, इतकं हळू की मला वाटलं, यांना हळू बोलता येतं तर.

मग ते काठी टेकून उठले. पेंटर धरायला गेले, तर अप्पांनी हात बाजूला केला आणि भिंतीच्या आधारानं आतल्या खोलीत गेले. कॉट करकरली. पेंटरची बायको दारात उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि त्यांच्या मागून आतलं दार लागलं.

पेंटरनी लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळून, टोक आत खोचून, नीट माझ्या हातात दिला. मी जिन्याच्या तोंडाशी आलो, ते माझ्या मागून आले. निवेदनात अशा ठिकाणी मी काय काय लिहिलं असतं, आणि तोंडातून आलं ते एवढंच.

"पेंटर, माझं चुकलं. मला तेव्हाच दिसलं होतं, खेळाच्या आधी. मी बोललो नाही. आणि आज हे. तुम्ही सांगितलं होतं, बोलू नका म्हणून." त्यांनी मान हलवली, हो अशी. "मी उद्या येतो. अप्पांशी शांतपणे बोलतो. सगळं नीट करतो."

पेंटर म्हणाले, "तुम्ही आता काही नीट करू नका."